टेबलाची चप्पल

४ जून

खुडबुड्या,

आशीर्वादानं सुरुवात करण्याच्या मनःस्थितीत मी नाही. ते मागून पाठवीन.

फोन केला की तू 'कामात आहे ताई' म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्रही तू मध्येच ठेवून देशील, पण निदान ते मला ऐकू येणार नाही. म्हणून लिहितेय.

काल आईनं ताट हवेत ठेवलं. स्वयंपाकघरातून ताट वाढून घेऊन ती नेहमीसारखी बाहेरच्या खोलीत आली, खिडकीपाशी थांबली, आणि जिथं टेबल असायचं तिथं, अगदी त्याच उंचीवर, ताट ठेवून तिनं हात सोडला. भात, वाटाणे, अंडं, सगळं जमिनीवर. तुकड्यांकडे बघत म्हणाली, "कुणी ओढलं रे? जेवताना मस्ती नको." दिवसभर शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकून पोरांना सरळ करणारी मी, आईपुढं गुडघ्यांवर बसून वाटाणे वेचत राहिले. आणि ही पहिली वेळ नाही. काचेची ताटं संपली, आता स्टीलची आणलीत. ती फुटत नाहीत, नुसती वाजतात.

हिवाळ्यात तू ते टेबल नेलंस. 'आईनं दिलं' असं तू म्हणशील. दिलं. "आई, नेऊ?" असं तू विचारलंस आणि ती "ने" म्हणाली, मी तिथंच होते. पण तिला विसरायला व्हायला लागलं होतं आणि त्या दिवसांत ती सगळ्यांनाच ने म्हणत होती. सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला तिनं पंखा देऊ केला. त्यानं नको म्हटलं. तू नको म्हणाला नाहीस.

मला वाटलं, घरी वापरायला नेतोयस. मग वर्तमानपत्रात फोटो बघितला. संग्रहालयात आपलं टेबल पाय वर करून पडलेलं, आणि खाली तुझं नाव. तू दवाखान्याच्या बोळातली खुंटी आणून दुसऱ्या एका संग्रहालयाच्या भिंतीवर ठोकलीस आणि तिला कला म्हणालास, तेव्हा मी हसले होते. बंद पडलेलं वजनाचं यंत्र मांडलंस, तेव्हाही हसले. लोकांनी तुझ्या नावानं बोटं मोडली, तेवढाच तू मोठा झालास. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण त्या खुंटीवर आपल्या घरातल्या कुणाचा कोट नव्हता.

या टेबलाचं तसं नाही. त्याचा एक पाय आखूड. रोज जेवायच्या आधी आई कोपऱ्यावर तळवा दाबणार, ते डुगडुगणार, मग हाताला येईल त्या कागदाची घडी करून ती पायाखाली सारणार. "याला चप्पल घातल्याशिवाय जेवण नाही." संध्याकाळी झाडताना ती घडी केरात जायची आणि दुसऱ्या दिवशी नवी चप्पल. बाबांनी एकदा सुतार बोलावला, तर तिनं त्याला चहा पाजून परत पाठवला. एवढं सगळं विसरली, पण हे तिच्या हाताला आठवतं. टेबल परत पाठव. त्याच्याशिवाय ती जेवत नाही.

ताई


१९ जून

खुडबुड्या,

तुझं कार्ड मिळालं. 'ताई, ते आता टेबल नाही.' एवढ्यासाठी तिकीट खर्ची घातलंस.

मी दुकानातून नवं टेबल आणलं. तेवढंच लांब, तेवढंच रुंद, तपकिरी. आई त्याच्यापाशी बसते, नाही असं नाही. पण पाहुणी होऊन बसते. पदर नीट करते, हात मांडीवर ठेवते आणि घरातली माणसं जेवायला येण्याची वाट बघते. मी म्हणते, "आई, सुरू कर." ती हळूच माझ्या कानात म्हणते, "आधी त्यांना बसू दे. बरं दिसत नाही." मग दोन घास खाते, पुरे म्हणून ताटावर हात आडवा धरते आणि मला विचारते, "आपण कधी निघायचं?" कुठं निघणार आहोत आम्ही, ते तूच सांग.

तुझं ते प्रसिद्ध वाक्य मला पाठ आहे. 'वस्तू कामातून सुटली की ती कला होते.' आमच्या चित्रकलेच्या सरांनी मला ते ऐकवून ऐकवून जीव नकोसा केलाय. या हिशेबानं दोन वर्षांनी मी निवृत्त झाले की मलाही भिंतीला टांगशील. पण तुझं टेबल कामातून सुटलेलं नव्हतं रे. तू ते भरल्या कामातून उचललंस.

डॉक्टरांनी वजन बघितलं आणि चष्मा काढून पुसत बसले. मला ते पुसणं आवडलं नाही.

ताई


२ जुलै

खुडबुड्या,

आज तुझं टेबल बघून आले. बसनं जाऊन येता येतं, त्यात काही विशेष नाही. तिकिटाच्या खिडकीवर म्हटलं, मी त्याची सख्खी बहीण. तिथली मुलगी म्हणाली, "रांगेत या." शिस्त आहे, बरं वाटलं.

पांढरी खोली, मधोमध टेबल उताणं, भोवती दोरी. कोपऱ्यात खुर्चीवर एक गार्डबाई. भिंतीवर जाड पांढरं कार्ड. त्यावर नाव 'उताणं' आणि खाली तुझं वाक्य. एक बाप आपल्या मुलीला सांगत होता की हे मेलेल्या जनावराचं चित्र आहे. दोन कॉलेजची पोरं भांडत होती, याला कला म्हणायचं की थट्टा. मी मध्ये पडले नाही.

उलटं झाल्यामुळे त्याची खालची बाजू मी पहिल्यांदा बघितली. तिथं तुझं च्युइंगम अजून आहे, दगड झालेलं. आखूड पायाजवळ पेन्सिलीनं काढलेला घोडा आहे, की कुत्रा, तुलाच माहीत. मला काहीही वाटलं नाही. बराच वेळ उभी राहिले ते पाय दुखत नव्हते म्हणून.

मग संचालकबाईंना भेटले. चांगल्या आहेत, त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आमच्याकडून काही अडत नाही. त्यांनी एकदा लिहून द्यावं की ही कलाकृती नाही. मग ते जेवणाचं टेबल उरलं, आम्ही ठेवून काय करू?" बघ, कायदा नको, वकील नको. तुझ्या एका ओळीनं ते कला झालं, तुझ्याच एका ओळीनं टेबल होईल. लिही.

ताई


२० जुलै

खुडबुड्या,

शेवटी एकदाचं तुझं मोठं पत्र आलं. मी ते उभ्यानं वाचलं आणि हेही उभ्यानंच लिहितेय, कपड्यांच्या कपाटावर कागद ठेवून. नव्या टेबलापाशी मलासुद्धा बसवत नाही. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की फेऱ्या मारते. आई खाटेवरून माझ्याकडे बघते आणि विचारते, "कुणाची वाट बघतेस?"

तू लिहितोस की एकदा 'ही कला नाही' म्हटलं तर खुंटीचं काय, यंत्राचं काय, आयुष्यभर जे बोललास त्याचं काय. लोक म्हणतील, आईनं जेवायला हाक मारली आणि याची कला संपली. म्हणतील. माझ्या वर्गातली पोरं मला मागून काय म्हणतात ते मला माहीत आहे, तरी मी रोज शाळेत जाते. तू लिहितोस, 'ताई, माझ्याजवळ शब्दाशिवाय दुसरं काही नाही. मला चित्र काढता येत नाही, दगड फोडता येत नाही. मी बोट दाखवतो आणि लोक बघतात. ते बोट खोटं ठरलं की मी संपलो.' हे वाचून मला तुझी दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला चावायचं?

आता माझं ऐक. आईचं घड्याळ मनगटावरून घसरून कोपराला जातं. दिवसातून एक कप सूप, तेही खिडकीत उभं राहून. डॉक्टर म्हणाले, महिनाभर असंच चाललं तर नळी घालावी लागेल, आणि या वयात घातलेली नळी बहुधा निघत नाही. काल मी हाताला धरून भरवायला गेले, तर तिनं मला विचारलं, "खुडबुड्या जेवला का?" मी म्हटलं, "जेवला." "मग झालं," म्हणाली आणि तोंड मिटलं.

तुला तुझा शब्द राखायचाय, मला आई. पालथ्या घड्यावर पाणी मी आणखी किती ओतू?

ताई


३ ऑगस्ट

खुडबुड्या,

तुला कुणीतरी कळवलंच असेल. तरी माझ्याकडून ऐक.

तू काही लिहिलं नाहीस, म्हणून आज आईला घेऊन मीच संग्रहालयात गेले. सोबत डबा. पिशवी तपासणाऱ्यानं विचारलं, यात काय? म्हटलं, आजारी बाईचं औषध. खोटं नव्हतं ते. माझ्या डोक्यात एवढंच होतं की तिला टेबल नुसतं दिसलं तरी बाहेर बाकावर बसून ती चार घास खाईल. पुढचं मी काही ठरवलेलं नव्हतं, शपथ घेऊन सांगते.

आई दोरीपाशी थांबली. टेबलाकडे बघितलं. म्हणाली, "अगं बाई, हे कुणी पाडलं?" आणि दोरी उचलून सरळ आत. बघायला आलेलं एक जोडपं होतं, त्यांना म्हणाली, "नुसतं बघताय काय? धरा की त्या बाजूनं." आणि त्यांनी धरलं. त्यांना वाटलं, हे यातलंच आहे. तुझी माणसं, तुझ्याकडून काय वाट्टेल ते सहन करायला शिकलेली. गार्डबाई फोनकडे धावल्या, तोवर टेबल चार पायांवर उभं. आईनं गार्डबाईंचीच खुर्ची ओढून घेतली. कोपऱ्यावर तळवा दाबला. डुगडुगलं. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला लिहिता येणार नाही. त्या माणसाच्या हातातलं माहितीपत्रक घेतलं, घडी केली, वाकली, सारली. मग माझ्याकडे हात पुढं केला, "डबा दे."

खुडबुड्या, ती जेवली. भात, बटाटे, अंडं, सगळं. बोट फिरवून डबा पुसला. खोलीत माणसं गोळा झाली. गार्डबाई फोन हातात घेऊन उभ्या होत्या, त्याही तिचं होईपर्यंत थांबल्या. शेवटी कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आई मला म्हणाली, "इथली माणसं चांगली आहेत, पण फार बघतात."

घरी येताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली. मी खिडकीकडे तोंड करून रडले.

ताई


९ ऑगस्ट

खुडबुड्या,

हसावं की रडावं कळत नाही. सगळ्या वर्तमानपत्रांत तू. 'उताण्याचा दुसरा अंक.' 'कलावंतानं आपल्या आईलाच कलाकृतीत आणलं.' कुणी लिहिलंय की अंडं म्हणजे जन्म. ते अंडं मी घाईत उकडलं होतं, एका बाजूनं फुटलेलं होतं. तू घरात बसून, बोटही न उचलता पुन्हा मोठा झालास.

संचालकबाईंचा फोन आला. आधी त्यांनी मनापासून विचारलं, आई कशा आहेत. मग म्हणाल्या, दर रविवारी आणाल का? गाडी पाठवू, जेवणही आम्ही देऊ. मी विचारलं, बाकीचे दिवस तिनं काय करायचं? वाईट नाहीत त्या. त्यांना प्रश्न कळला, फक्त उत्तर त्यांच्याकडे नाही.

आई पुन्हा जेवत नाही. त्या दिवसाचं तिला काही आठवत नाही.

उत्तर तुझ्याकडे आहे. पत्रकार तुला विचारतायत, हे तू ठरवून केलंस का, आणि तू मौन धरलंयस. गप्प राहिलास की तू जिंकलास, हे मला कळतं. पण तुझंच वाक्य घे. वस्तू कामातून सुटली की कला. त्या दिवशी ते टेबल कामाला लागलं. चारचौघांत, तुझ्या कार्डाच्या खाली, आई त्याच्यावर पोटभर जेवली. मग आता ते काय आहे? तुझा नियम खरा असेल, तर ते टेबल आहे आणि त्याची जागा घरात आहे. आणि ते अजूनही कला असेल, तर तुझा नियम खोटा होता आणि तू इतकी वर्षं नुसती बोटं नाचवलीस. मी तुझ्याकडे दया मागत नाही, एवढंच मागतेय की तू म्हणालास ते खरं करून दाखव.

मी आईला पुन्हा तिथं नेणार नाही. तिला बघायला मी रांग लावू देणार नाही, मग ती तिथं जेवो की न जेवो.

ताई


२१ ऑगस्ट

खुडबुड्या,

शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेच्या सरांनी तुझं निवेदन मोठ्यानं वाचलं. 'त्या टेबलावर माझी आई जेवली. ते मी ठरवलेलं नव्हतं. ते टेबल आहे. ते घरी पाठवा.' सरांचा चेहरा उतरला, जसं काही त्यांचंच कुणी गेलं. मला म्हणाले, "मॅडम, यांनी सगळ्यावर पाणी सोडलं." मी मैदानावर गेले आणि उगाचच शिट्टी वाजवली. पोरं धावत आली, त्यांना मैदानाला एक फेरी मारायला लावली.

तुझं व्यंगचित्र मी बघितलं. त्या दुसऱ्या संग्रहालयात तुझ्या खुंटीला लोक छत्र्या अडकवतात, तेही वाचलं. तुला लागलं असेल. मला हसू आलं आणि मग नाही आलं.

एक गोष्ट मी लपवली होती. टेबल पहिल्यांदा बघून आले त्या दिवशी मला काहीही वाटलं नाही असं लिहिलं, ते खरं नाही. बाबांचा आवाज चढला की तू टेबलाखाली जायचास आणि ते शांत होईपर्यंत बाहेर यायचा नाहीस. मी वर बसून जेवत राहायचे. जन्मभर त्या टेबलावर जेवले, पण तुझ्या बाजूनं ते मी कधी बघितलं नव्हतं. तू ते उताणं का केलंस, ते त्या खोलीत मला कळलं. ते चांगलं होतं, खुडबुड्या. कला का काय ते मी सांगू शकत नाही, पण मला ते बघून आत हललं. आणि तरीही ते मला घरी हवंय. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, त्याला मी काय करू?

गुरुवारी टेबल येतंय. तू ये.

ताई


१४ सप्टेंबर

खुडबुड्या,

आशीर्वाद मागून पाठवीन म्हटलं होतं. ते सोबत आहेत, नीट घे.

गाडीत बसताना तू "जमलं नाही, ताई" म्हणालास आणि तुझ्या केसांत लाकडाचा भुसा होता. तेवढ्यावर तुला जाऊ दिलं, ते मला फार लागून राहिलंय. म्हणून तू गेल्यावर काय झालं ते लिहिते.

आधी हे सांगते, संग्रहालयाच्या लोकांवर माझा राग नाही. उचलाउचलीत पाय खिळखिळा झाला, म्हणून त्यांच्या सुतारानं तो बसवला आणि मायेनं आखूड पायाला लाकूड जोडून चारही पाय सारखे केले. पाहुण्याचं सामान कुणी मोडकं परत करत नाही. त्यांना काय ठाऊक? आईनं कोपरा दाबला. पुन्हा दाबला. दुसरा कोपरा दाबला. मग हात मांडीवर घेऊन म्हणाली, "छान आहे हो. कुणाचं?" तेव्हाचा तुझा चेहरा मला अजून दिसतो. सगळं देऊन तू ते आणलंस आणि ते आपलं राहिलं नव्हतं.

मग तू कानस घेऊन खाली शिरलास. कुठला पाय, यावरून आपण भांडलो. मी म्हणत होते खिडकीकडचा, तू म्हणालास, "घोड्याजवळचा, ताई. मला खालून माहीत आहे." तुझंच बरोबर होतं. दुपारभर तू उताणा पडून घासत होतास आणि मी वरून दाबून सांगत होते, अजून, अजून थोडं, थांब. आयुष्यात पहिल्यांदा तू हातानं काही बनवलंस, आणि ते बघायला मी एकटी. पण आई पलीकडच्या खोलीतून उठलीच नाही. तुझी गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी मी भात आणि अंडं केलं. काही बोलले नाही. आई ताट घेऊन आली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि तळवा दाबला. टेबल एका बाजूला कललं. टक. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच काहीतरी हरवलंय. "याची चप्पल कुठंय?"

मी वर्तमानपत्र आणायला धावले. येईपर्यंत तिनं कट्ट्यावरचं कार्ड उचललं होतं. तेच, संग्रहालयाच्या भिंतीवरचं तुझं पांढरं जाड, टेबलाबरोबर आलेलं, जे तू बघूनही उचललं नाहीस. मी थांबवणार होते, पण नाही थांबवलं. चार घड्या केल्या, प्रत्येक घडीवर नख फिरवलं, मला हात लावू न देता स्वतः वाकली आणि सारली. पुन्हा दाबून बघितलं. हललं नाही. मग बसली, जेवली, आणि म्हणाली, "वाढ की आणखी. हात आखडू नकोस."

तेव्हापासून रोज जेवते. डॉक्टरांनी नळीचं नाव काढलेलं नाही.

संध्याकाळी झाडताना ते कार्ड निघालं. तुझ्यासाठी जपून ठेवावं असं वाटलं, तोवर आईनं केरात टाकलं. आणि या पत्राचं पहिलं पान काल सकाळी तिनं नेलं, म्हणून हे सगळं मी दुसऱ्यांदा लिहितेय.

तू आता काय करणार, लोक तुला काय म्हणणार, ते मला माहीत नाही. तू पत्र लिहीत जा. लांबलचक नको. पण जाड कागदावर लिही. रोज एक लागतं.

ताई